हा 'तोच' र आहे का? : लिपी, संकेतांक आणि मराठी

मागच्या व्याख्यानात आपण छापखान्यापर्यंत आलो होतो. खिळे, कंपोझिटर, निर्णयसागर, सगळे बघून झाले. आज छापखान्यातून संगणकात जायचे आहे. विषय तांत्रिक वाटतो म्हणून घाबरू नका. आम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस; संगणक बिघडला तर आम्हांला कोणी बोलावत नाही. पण संगणकात अक्षर बसवताना जो प्रश्न उभा राहिला तो आमच्याच खात्यातला आहे, आणि फार जुना आहे.

फळ्यावर दोन शब्द लिहू. 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिला म्हणजे समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. आणखी एक जोडी घ्या. 'आचार्यांना दक्षिणा दिली' आणि 'आचाऱ्यांना दक्षिणा दिली'. पहिल्या वाक्यात पैसे गुरुजींकडे गेले, दुसऱ्यात स्वयंपाक्याकडे! दोन्हीकडे र अर्धा आणि य पूर्ण, मग फरक कुठे आहे? फरक उच्चारात आहे. 'दर्या' म्हणताना र मागच्या द वर जाऊन टेकतो, द वर आघात येतो आणि तो गुरू होतो. 'दऱ्या' म्हणताना र पुढच्या य ला चिकटून राहतो, द लघूच राहतो. शाळेत वृत्ते शिकलेल्यांना आठवेल, जोडाक्षरामागचे अक्षर गुरू, पण आघात येत नसेल तर नाही. हा कानाला कळणारा भेद मराठीने डोळ्यालाही दाखवला. एकीकडे डोक्यावर रफार, दुसरीकडे य च्या आधी पापणीसारखी छोटी वळलेली रेघ. हिंदीला तिची गरज पडत नाही, संस्कृतलाही नाही. नेपाळातल्या नेवारी लेखनात ती दिसते, आणि आपल्याकडे तर ती पदोपदी आहे. वऱ्हाड, कऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे, दुसऱ्या, सुऱ्या, बऱ्यापैकी.

आता प्रश्न असा की ही रेघ म्हणजे वेगळे अक्षर, की र चेच एक रूप? हाताने लिहिणाऱ्याला हा प्रश्न कधी पडला नाही. खिळे पाडणाऱ्यालाही नाही. त्याला दोन आकार दिसले, त्याने दोन खिळे पाडले. संगणकाचे तसे नाही. त्याला आकार समजत नाहीत, आकडे समजतात. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यायचा, त्याला आपण संकेतांक म्हणू. क्रमांक द्यायचा म्हणजे आधी ठरवावे लागते की अक्षरे किती आहेत. किती आहेत ते ठरवायचे तर कुठले 'तेच' आणि कुठले 'निराळे' हे आधी ठरवावे लागते. हा निर्णय टाळता येत नाही बरं का. लिपीचे अभ्यासक एका टेबलाशी आणि संगणकवाले दुसऱ्या टेबलाशी बसलेले असतात, पण बोलणे चाललेले असते ते याच एका गोष्टीवर.

आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांचा एक मोठा वाद आहे. सकाळी तुम्ही 'ग' म्हणालात, संध्याकाळी आम्ही 'ग' म्हणालो. हा तोच ग आहे का? मीमांसक म्हणतात, तोच. वर्ण नित्य आहे, उच्चाराने तो फक्त प्रकट होतो. दिवा लावल्यावर घागर दिसते म्हणून घागर दिव्याने निर्माण केली असे होत नाही. नैयायिक म्हणतात, छे! ध्वनी उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. दोन ग दोन आहेत, 'तोच' असे आपल्याला सारखेपणामुळे, एकाच जातीचे असल्यामुळे वाटते. आता गंमत बघा. आजची सगळी एन्कोडिंगची इमारत मीमांसकांच्या पायावर उभी आहे. क्रमांक नित्य, आणि पडद्यावरचा आकार म्हणजे त्याचे तात्पुरते प्रकटीकरण. फॉन्ट बदला, आकार बदलेल, क्रमांक तोच. हे ज्यांनी बांधले त्यांनी कुमारिल भट्ट वाचला नव्हता हे उघड आहे, पण विचार करत गेले की माणसे त्याच चौकात येतात.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९६३ मध्ये ॲस्की ही संकेतपद्धती आली. १२८ जागा, त्यात इंग्रजी अक्षरे, आकडे, विरामचिन्हे. इतरांना आपापली सोय करावी लागली. आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर काम झाले, पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रसिद्ध केले.

इस्कीमागची कल्पना आम्हांला आजही मोहक वाटते. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मुळात एक आहे, अंगावरचे कपडे तेवढे वेगळे. म्हणून सगळ्यांना एकच तक्ता दिला. क चा क्रमांक १७९. मराठीत १७९, बंगालीत १७९, कन्नडमध्येही १७९. कोणती लिपी ते आधी एका खुणेने सांगायचे. 'कमला' हे नाव एकदा टंकले की लिपी बदलून ते गुजरातीत वाचा, तेलुगूत वाचा, नाव तेच. पाणिनीला आवडले असते.

पण तमिळ या साच्यात बसत नाही. तिथे क, ख, ग, घ या चौघांचे काम एकच अक्षर करते. म्हणजे तमिळच्या वाट्याला आलेल्या तक्त्यात घरे रिकामी. 'आमची लिपी म्हणजे तुमच्या देवनागरीची गळकी आवृत्ती आहे का?' असे तमिळ अभ्यासकांना वाटले तर नवल नाही. पुढे २०१० साली तमिळनाडू सरकारने तमिळच्या स्वभावाप्रमाणे रचलेल्या एका वेगळ्या संकेतपद्धतीलाही मान्यता दिली, ती या असमाधानातूनच.

इकडे अमेरिकेत १९८८ पासून युनिकोडची जुळवाजुळव चालू होती, १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच वाड्यात खोल्या द्यायच्या. सुरुवातीचा अंदाज होता की ६५,५३६ जागा पुरतील. भारतीय लिप्यांसाठी त्यांनी इस्कीचा १९८८ चा मसुदा घेतला, आणि एक मूलभूत बदल केला. एक तक्ता सर्वांना, हे तत्त्व सोडून प्रत्येक लिपीला स्वतःची १२८ घरांची आळी दिली. देवनागरी क चा क्रमांक २३२५, बंगाली क चा २४५३, गुरुमुखीचा २५८१, गुजरातीचा २७०९. वजाबाकी करून बघा, प्रत्येक वेळी १२८. कुटुंब विभक्त झाले, पण भांडी मांडायची पद्धत तीच राहिली. तमिळच्या आळीतली रिकामी घरेही तशीच राहिली, ती आजही तक्त्यात रिकामी दिसतात.

आता आपल्या र कडे येऊ. देवनागरीच्या आळीत २३५२ क्रमांकावर र आहे. त्याच्या शेजारी २३५३ वर खाली टिंब असलेला ऱ आहे. हा कोणासाठी? दक्षिणेतल्या भाषांत जो कठोर र आहे, तो देवनागरीत लिहिता यावा म्हणून. तमिळ किंवा मलयाळम मजकुराचे लिप्यंतर करणाऱ्यांसाठी ठेवलेली जागा ती. मराठीत तो पूर्ण ऱ कोणी लिहीत नाही. पण इस्कीने ठरवले, आणि युनिकोडने ते मान्य केले, की मराठीतली ती पापणीसारखी रेघ या ऱ चे अर्धे रूप समजायची. म्हणजे बघा, ज्या अक्षराचे पूर्ण रूप मराठी माणूस जन्मात लिहीत नाही, त्याचे अर्धे रूप तो दिवसातून पन्नास वेळा लिहितो!

उच्चारशास्त्राच्या दृष्टीने याला आधार नाही. 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन आहे, आणि 'दरी'त साधा र आहे, द्राविडी नाही. तरी आम्ही या निर्णयाला हसणार नाही. रफार आणि ही रेघ यांचा भेद क्रमांकात उतरला पाहिजे हे त्या समितीला कळले होते, आणि नवीन घर न मागता तो उतरवायचा होता. शेजाऱ्याची रिकामी खोली वापरली, झाले.

गोंधळ पुढे झाला. युनिकोडच्या २.० या आवृत्तीत याच रेघेसाठी दुसरा मार्ग होता. साधा र, मग हलन्ताची खूण, मग एक अदृश्य जोडक. त्या जोडकाला रुंदी नाही, तो कागदावर उमटत नाही, शेजारच्या अक्षरांनी कसे जुळावे एवढेच तो सांगतो. नंतर इस्कीचा मार्ग अधिकृत ठरला, पण जुना बंद करता आला नाही, कारण तोवर लोकांनी त्या पद्धतीने लिहून ठेवले होते. जुन्या लेखनाची सोय म्हणून तोही चालू ठेवला.

परिणाम काय होतो ते 'वऱ्हाड' या शब्दावर बघू. पहिली पद्धत म्हणजे व, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा क्रमांक. दुसरी म्हणजे व, साधा र, हलन्त, अदृश्य जोडक, ह, काना, ड. सात क्रमांक. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. भिंग लावून बघा, फरक दिसणार नाही. संगणकाच्या लेखी मात्र हे दोन शब्द आहेत. तिसरा प्रकार, ज्यांच्या कीबोर्डवर ही सोयच नव्हती ते सरळ रफार देऊन 'वर्हाड' लिहीत. चौथा प्रकार, साधा र आणि त्याखाली वेगळे टिंब. हा मात्र युनिकोडने ऱ शी समान म्हणून जाहीर केलेला आहे, म्हणजे शहाण्या प्रणालीने त्यांना एकच समजायचे असते. दुसऱ्या प्रकाराला असे समानतेचे प्रमाणपत्र नाही.

'कुऱ्हाडे' हे आडनाव एका यादीत एका पद्धतीने गेले आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या, तर यंत्र शोधून सांगते की असा माणूस यादीत नाही. माणूस समोर उभा असतो, नाव पडद्यावर दिसत असते, आणि उत्तर येते, नोंद आढळली नाही. मतदार यादी, जमिनीचा उतारा, बँकेचे खाते, शाळेचा दाखला, कुठेही हे होऊ शकते. मीमांसकाला विचारा, तो म्हणेल वर्ण तोच आहे. यंत्र कट्टर नैयायिक आहे, ते म्हणते हे दोन आहेत, सारखे दिसतात एवढेच.

असाच दुसरा किस्सा ॲ चा. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी आपण अ वर चंद्र देतो. हिंदीकडे ए वर चंद्र देऊन ऍ लिहितात. इस्कीतून ए वरचा तेवढा आला, क्रमांक २३१७. मराठीला आपला ॲ मिळाला तो २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत, क्रमांक २४१८. तोवर काय करायचे? लोकांनी अ लिहून पुढे चंद्राची मात्रा जोडली. दिसायला तेच दिसे. म्हणून आज 'ॲटम' दोन प्रकारचे आहेत, २००८ पूर्वीच्या सवयीचे आणि नंतरचे, आणि त्यांनाही समानतेचे प्रमाणपत्र नाही. तुम्ही म्हणाल, मग चूक दुरुस्त का करत नाहीत? युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेला क्रमांक परत घेता येत नाही, ठेवलेले नावही बदलता येत नाही. त्यामागचे कारण रास्त आहे. उद्या क चा क्रमांक बदलला तर कालपर्यंतचे सगळे लेखन कचरा होईल.

आणि तसा कचरा झालेला आपण पाहिला आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी छपाईत प्रत्येक कंपनीचा आपला फॉन्ट आणि आपला क्रम असे. संगणकाला वाटायचे इंग्रजी मजकूर आहे, फॉन्ट वरून देवनागरीचा अंगरखा घालायचा. आमच्या व्याख्यानांचे एक पुस्तक असे जुळवलेले होते. दहा-बारा वर्षांनी दुसऱ्या आवृत्तीसाठी मुद्रकाने फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे. फॉन्ट हरवला होता. पुस्तक पुन्हा टंकावे लागले. कागदी प्रत हाताशी होती म्हणून जमले.

आतापर्यंत आपण पाहिले ते एकाच अक्षराला दोन मार्ग मिळाल्याचे. उलट प्रकारही आहे, आकार वेगळे पण क्रमांक एक. मराठी ल आणि श बघा. आपला ल पाकळ्यांचा, श देठाचा. हिंदीची वळणे निराळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी ही रूपे ठरवून दिली. युनिकोडच्या मते मात्र ल एकच, फरक फॉन्टचा. मजकूर मराठी आहे असे प्रणालीला सांगितले आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर मराठी ल दिसतो, नाहीतर हिंदी. चिनी-जपानी मंडळींनी हे फार मोठ्या प्रमाणावर अनुभवले. चीन, जपान, कोरिया यांची सामायिक चिन्हे एकत्र करून सुरुवातीला २०,९०२ क्रमांक दिले गेले. हाड या अर्थाचे चिन्ह चीनमध्ये आणि जपानमध्ये किंचित वेगळे काढतात, क्रमांक एकच. जपानात यावर बरीच नाराजी होती. ल च्या बाबतीत आमचे मत विचाराल तर युनिकोडचा निर्णय बरोबर आहे. ल बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही. 'आचार्य' आणि 'आचारी' यांच्यातला भेद जसा र वर टांगलेला आहे, तसे इथे काहीच टांगलेले नाही. मग दोन क्रमांक देऊन 'मुलगा' शोधताना अर्धी मुले हरवायची कशाला?

मोडीचा प्रश्न मात्र याहून अवघड, आणि इतिहासाच्या माणसाला सर्वांत जवळचा.

मोडी म्हणजे देवनागरीचेच धावते वळण, की स्वतंत्र लिपी? वळण म्हटले तर क्रमांक द्यायची गरज नाही, एक मोडी फॉन्ट करा आणि देवनागरी मजकुराला चढवा, काम संपले. असे फॉन्ट होतेही. दिसायला सोपा उपाय. पण मोडी कशी लिहितात ते आठवा. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवत जायची. शब्द तोडायचे नाहीत. आणि ह्रस्व-दीर्घ पाळायचे नाही. वेलांटी एक, उकार एक. आता राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली, ती मूळ मोडी पत्रे त्यांनी बाळबोधीत उतरवून दिली. त्यांचे उपकार केवढे आहेत ते सांगायला नको. पण बाळबोधीत उतरवताना प्रत्येक वेलांटीपाशी ठरवावे लागते की पहिली की दुसरी. प्रत्येक ओळीत ठरवावे लागते की शब्द कुठे तुटतो. मूळ कारकुनाने जे लिहिलेच नव्हते ते वाचणाऱ्याने भरले. नावांच्या बाबतीत, गावांच्या बाबतीत हे भरलेले पुष्कळदा अंदाज असतात, आणि छापल्यावर अंदाज आणि मूळ यांतला सांधा दिसेनासा होतो.

म्हणून मोडीला स्वतंत्र लिपी मानून स्वतःचे क्रमांक देणे हा आमच्या मते योग्य निर्णय होता. अंशुमन पांडे या अभ्यासकाने तसा प्रस्ताव तपशीलवार मांडला, आणि २०१४ मध्ये ७.० या आवृत्तीत मोडी आली. ७९ चिन्हे. क्रमांक ७१,१६८ पासून पुढे, म्हणजे त्या मूळ ६५,५३६ च्या कुंपणाबाहेर; तोवर वाडा बराच वाढवला होता. ह्रस्व-दीर्घ दोन्हींना जागा दिली आहे, वापरायचे की नाही ते मूळ कागद बघून ठरवा. शब्द न तोडता लिहायचे असेल तर तसे लिहा. कागदावर जे आहे तेवढेच नोंदवायची सोय झाली.

काही गोष्टी तरीही निसटल्या. यादवकालीन, बहामनीकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन अशी मोडीची वळणे आपण मानतो, चिटणिशी वळण तर नावाजलेलेच. वळणावरून कागद कोणत्या काळचा याचा अंदाज बांधता येतो. क्रमांकात हे काहीच येत नाही, मोडी क एकच. ते फॉन्टवर आणि टीप लिहिणाऱ्यावर सोडलेले आहे. त्यासाठी मूळ कागदाचे छायाचित्र जवळ असले पाहिजे, दुसरा इलाज नाही.

एक लहानशी गोष्ट मात्र आम्हांला फार आवडली. ७९ चिन्हांमध्ये एक चिन्ह 'हुवा' नावाचे आहे. अरबीत हुवा म्हणजे 'तो', परमेश्वर या अर्थाने. मोडी कागदाच्या माथ्यावर ते मंगलखूण म्हणून येते. पत्रात नमनाला 'श्री' असते, आणि मोडीच्याच कागदांवर हा 'तो'ही सापडतो. बाळबोधीत छापताना हे चिन्ह टिकायला जागाच नव्हती. आता त्याला स्वतःचा क्रमांक आहे, ७१,२३६.

पुण्याच्या पेशवे दप्तरात, तंजावरच्या सरस्वती महालात, आणि कितीतरी घरांच्या माळ्यावर मोडी कागद पडून आहेत. पुढच्या वेळी असेच एक पत्र पडद्यावर मोठे करून आपण सगळे मिळून वाचू, आधी मोडी क्रमांकांत उतरवू आणि मग बाळबोधीत, म्हणजे मधे कुठे काय भरले जाते ते दिसेल. कोणाकडे घरचा कागद असेल तर त्याचे स्वच्छ छायाचित्र पाठवा, मूळ कागद पाठवू नका. आता प्रश्न घेऊ.